मुलांची निसर्गफेरी न्यायची आहे? आधी ती वाट एकट्याने चालून या

प्रश्न असा आला आहे: ‘शाळेच्या मुलांना निसर्गफेरीला नेणाऱ्या एका गटात मला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. मुलांमध्ये रमतो, पण झाडं आणि पक्षी मोजकेच ओळखता येतात. एखाद्या मुलाने किड्याचं नाव विचारलं आणि ते आलं नाही तर? तयारी कुठून सुरू करू? आणि तीस-पस्तीस मुलं उघड्यावर सांभाळायची कशी?’

नक्की जा. नावं कमी येतात ही अडचण आहे, पण तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. फेरीत मार्गदर्शकाचं पहिलं काम म्हणजे मुलांची नजर एका जागी नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकवणं. माहिती त्याच्या मागून येते, आणि थोडी कमी आली तरी चालतं. शंभर पक्षी ओळखणारे पण मुलांना एका जागी दोन मिनिटंही न थांबवणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. त्यांच्या फेरीतून मुलं दमून परततात आणि विचारलं तर ‘खूप चाललो’ एवढंच सांगतात.

तयारीची सुरुवात पुस्तकापासून करू नका, वाटेपासून करा. ज्या वाटेने मुलांना न्यायचं आहे ती आधी एकट्याने चाला. ज्या वेळी फेरी असेल त्याच वेळी जा, कारण सकाळी सातची वाट आणि दहाची वाट वेगळी असते: सावल्या सरकलेल्या असतात, जाळ्यांवरचं दव गेलेलं असतं, पक्षी गप्प झालेले असतात. फेरीच्या आदल्या दिवशी पुन्हा एक चक्कर मारा. चालताना अशा गोष्टी शोधा ज्या परवाही तिथेच असतील. पक्षी उडून जातो. गाठी आलेलं पान, मुंग्यांची रांग, खोडावरचं दगडफूल, झाडाच्या ढोलीखाली पडलेली घुबडाने ओकलेली हाडा-केसांची गोळी, या गोष्टी सहसा जागा सोडत नाहीत. अशा सहा-सात जागा हेरल्या की दोन तासांची फेरी उभी राहते. त्यातल्या तीन-चारच होतील, हेही धरून चाला.

एक जागा कशी फुलवायची ते जरा जवळून सांगतो. मोठ्या दगडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला, पाऊस पोचत नाही अशा कोरड्या भुसभुशीत मातीत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे दिसतात. मुलं त्यांवर पाय देऊन पुढे जातात. तिथे चार-पाच मुलांना गुडघ्यांवर बसवा आणि काहीही न सांगता एकाच्या हातात गवताची काडी द्या. काडीच्या टोकाने कडेचे दोन-चार कण हळूच खाली पाडायचे. तळातून फट्‌कन माती उसळते. मुलं दचकतात, हसतात, मग सगळीच एकदम वाकतात. आता विचारा: माती कोणी उडवली? आणि थांबा.

तळाशी एक अळी स्वतःला गाडून घेऊन बसलेली असते, तिचा विळ्यासारखा जबडा तेवढा वर. मुंगी कडेवरून घसरली की अळी डोक्याने तिच्यावर माती भिरकावते. त्याने उतार ढासळतो आणि मुंगी जितकी वर चढू पाहते तितकी खाली येते. ही अळी मागे मागे सरकत, गोल फिरत खड्डा खणते. पुढे तिला पंख फुटतात तेव्हा ती चतुरासारखी दिसते, पण चतुराच्या कुळातली नसते. एवढं तुम्हाला माहीत असलं तर उत्तम. पण आधी मुलांचे अंदाज ऐका: ‘आत बेडूक आहे’, ‘खालून वारा येतो’. कोणत्याही अंदाजाला चूक म्हणू नका. ‘हे तपासायचं कसं?’ एवढंच विचारा. मोठी मुलं असतील तर त्यांना मूठभर कोरडी माती एका जागी धारेने सोडायला सांगा. ढिगाचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे चढतच नाही. अळीचा खड्डाही साधारण त्याच उताराचा असतो, म्हणून जरा धक्का लागला की तो ढासळतो. आठवीच्या मुलाला भौतिकशास्त्र इथे जमिनीवर बसून भेटतं.

अशी एकेक जागा तुमची झाली की नावांची भीती कमी होते. आता ‘याचं नाव काय?’ या प्रश्नाबद्दल. नाव येत असलं तरी मी ते लगेच देत नाही. नाव मिळालं की बहुतेक मुलांना वाटतं, काम झालं, आणि ती पुढे सरकतात. आधी विचारतो, ‘तू काय ठेवशील याचं नाव? कशावरून?’ मग मूल पाय मोजतं, पाठीवरचे ठिपके बघतं. त्यानंतर खरं नाव सांगितलं की ते लक्षात राहतं. आणि नाव येत नसेल तेव्हा सरळ सांगा: ‘मला माहीत नाही. आपण याच्या तीन खुणा लिहून ठेवू आणि शोधू.’ अंदाजाने ठोकून देऊ नका. मुलांना ते कळतं, आणि चुकीचं नाव वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर राहतं. फोटो काढून ठेवला तर नंतर आयनॅचरलिस्टवर टाकता येतो. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून २००८ साली सुरू झालेल्या या व्यासपीठावर जगभरचे जाणकार ओळख पटवायला मदत करतात. उत्तर मिळालं की ते शाळेला कळवाच. ‘शोधून सांगतो’ म्हणणारा मोठा माणूस खरंच शोधतो, हे मुलांनी पाहायला हवं. मात्र हे काम घरी गेल्यावर करा. फेरीत फोन बाहेर आला की सगळ्यांची नजर फोनकडे जाते.

प्रश्न विचारण्यापेक्षा प्रश्नानंतर गप्प राहणं अवघड असतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, आणि एरवी गप्प असणारीही त्यांत आली. उघड्यावर तर तीन सेकंदही कमी पडतात, कारण मुलाला उत्तर आठवायचं नसतं, पाहून शोधायचं असतं. मनात सावकाश दहापर्यंत मोजा. सुरुवातीला ही शांतता अंगावर येते, पण ती भरून काढायची घाई करू नका.

मुलांना सांगायला एक गोष्ट जवळ ठेवा, तीही प्रयोगाची असेल तर बरी. मला गांडुळांची आवडते. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध केलं. गांडुळांना ऐकू येतं का हे पाहायला घरात त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली गेली, बासून नावाचं मोठं फुंकवाद्य वाजवलं गेलं, ओरडून झालं, पियानोही वाजला. गांडुळं ढिम्म. मग त्यांच्या कुंड्या थेट पियानोवर ठेवून एक सूर वाजवला, तशी ती झटकन बिळात शिरली. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, कंप मात्र जाणवत होता. ही गोष्ट ऐकलेली मुलं ओल्या मातीवर हलकेच टिचक्या मारून बघतात, आणि पुढच्या जागी आपणहून विचारतात, ‘मुंगीला ऐकू येतं का?’ तिथे तुमचं निम्मं काम झालेलं असतं.

आता शरीराने कुठे उभं राहायचं याच्या काही गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही. बोलताना ऊन तुमच्या तोंडावर घ्या, म्हणजे मुलांच्या डोळ्यांत येणार नाही. अरुंद वाटेवर मुलं रांगेत असतात. दाखवायच्या गोष्टीपाशी पोचलात की लगेच थांबू नका, अर्धी रांग ती गोष्ट ओलांडेपर्यंत पुढे चाला, मग मागे येऊन मध्यावर उभे राहा. दोन्ही टोकांना सारखं ऐकू जातं. नाहीतर पुढच्या पाच मुलांना फेरी मिळते आणि मागच्यांना फक्त पाठी दिसतात. लहान मुलांशी बोलताना खाली बसा. चालता चालता काही सांगू नका. चालायचं तर चालायचं, सांगायचं तर थांबायचं.

भिंग दिलंत तर ते वापरायला शिकवा. मुलं भिंग हातभर लांब धरून वस्तूकडे नेतात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणतात. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं आणि पान हळूहळू त्याच्याकडे आणायचं. पहिल्यांदा नीट दिसतं तेव्हा मुलाच्या तोंडून जो आवाज येतो त्यासाठी मी अजूनही फेऱ्यांना जातो. दुर्बीण मात्र आठ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं माझं मत आहे; त्यांचा सगळा वेळ ती जुळवण्यात जातो. त्यांना कागदाची नळी पुरते. नळीतून पाहिलं की बाकीचं जग बाजूला होतं आणि एक फांदी उरते.

दगड उचलून खाली काय आहे हे पाहणं मुलांना फार आवडतं. ते करा, पण तुम्ही स्वतः करा. दगडाची पलीकडची कड धरून तो आपल्या बाजूला उचला, म्हणजे खालून काही निघालं तर दगड आडवा राहील आणि ते पलीकडे जाईल. मुलं तुमच्या मागे. पाहून झालं की दगड जसा होता तसाच हळूच ठेवा. खालच्या ओल्या अंधारात राहणाऱ्या जिवांसाठी ते छप्पर आहे, ते उघडं टाकलं तर ऊन त्यांना मारतं. छप्पर परत नीट बसवणारा हात मुलांनी पाहणं हेच पर्यावरण शिक्षण, त्यावर वेगळं भाषण नको. घरट्याजवळ जायचं नाही, पक्षी बोलवायला मोबाइलवर त्याची शीळ वाजवायची नाही, तोडायचं नाही. गळून पडलेलं हातात घ्यायचं आणि शक्यतो तिथेच ठेवून यायचं. हे नियम निघतानाच, एका दमात आणि कारणासह सांगा.

तीस-पस्तीस मुलं एका माणसाने न्यायची नाहीत. हा मुद्दा मी कधी सोडत नाही. दहा-बारा मुलांमागे एक मार्गदर्शक आणि प्रत्येक तुकडीत सर्वांत शेवटी चालणारा आणखी एक मोठा माणूस हवाच. वय सहा-सात असेल तर तुकडी आणखी लहान. मुलांच्या जोड्या लावून द्या आणि प्रत्येक थांब्यावरून निघताना डोकी मोजा. शेवटचा माणूस सगळ्यांच्या मागे, मार्गदर्शक सगळ्यांच्या पुढे, आणि कोणीही मार्गदर्शकाच्या पुढे जाणार नाही, एवढी शिस्त पुरते. आवाज चढवून मुलं शांत होत नाहीत; आधीच ठरवलेली एक खूण, वर केलेला हात किंवा छोटीशी शिट्टी, कामाला येते.

शाळेशी आधी बोला. कोणाला दमा आहे, कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला फिट येते, कोणाला किड्यांची खरोखर भीती वाटते, चाकाच्या खुर्चीवरचं मूल आहे का. असेल तर वाटच तशी निवडा, त्याला ‘तू इथे बस’ असं सांगण्याची वेळ येऊ देऊ नका. पालकांची संमती, फोन नंबर, मुलांची नेहमीची औषधं हे शिक्षकांच्या हातात हवं. सगळ्यात जवळचं रुग्णालय कुठलं, तिथे कोणत्या रस्त्याने जायचं, वाटेत फोनला रेंज कुठे जाते, हे आदल्या दिवशीच्या चकरेत पाहून ठेवा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय एकट्याने तुकडी घेऊ नका.

काही गोष्टी तोंडपाठ असाव्यात. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा; दर तीन सेकंदांना वीज सुमारे एक किलोमीटर लांब. अंतर तीस सेकंदांहून कमी असेल तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. झाडाखाली आसरा घ्यायचा नाही. मोहोळ असलेल्या वाटेवर दंगा, धूर, अत्तर नको. माश्या उठल्याच तर तोंड झाकून पळत बंद जागा गाठायची, पाण्यात उडी मारायची नाही. डंखाचा काटा शक्य तितक्या लवकर काढा. ओठ-चेहरा सुजू लागला किंवा श्वास अडखळू लागला तर मुलाजवळ डॉक्टरांनी दिलेलं तातडीचं इंजेक्शन असल्यास ते लगेच द्या आणि वाट न पाहता रुग्णालयाकडे निघा. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. चावलेला अवयव न हलवता मुलाला धीर देत, चालायला न लावता रुग्णालयात न्यायचं. पाण्यात मुलांना उतरवणार असाल तर खोली आणि ओढ स्वतः तपासलेल्या जागीच, घोट्याएवढ्या पाण्यात. वरच्या बाजूला पाऊस झाला असेल तर तोही विचार सोडून द्या.

मुलांच्या सुरक्षिततेची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. कोणत्याही मुलासोबत इतरांच्या नजरेआड एकट्याने जायचं नाही. स्वच्छतागृहापर्यंत न्यायचं असलं तरी शिक्षक किंवा दुसरा मोठा माणूस बरोबर हवा. शाळेच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढायचे नाहीत, कुठे टाकायचे तर मुळीच नाहीत. मुलांशी वैयक्तिक फोन-मेसेज नाहीत. गटाने तुमची पार्श्वभूमी तपासायची म्हटली तर मनापासून सहकार्य करा. जो गट असं काही विचारतच नाही, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

फेरीतून साधायचं काय, हेही डोक्यात स्पष्ट असू द्या. १९७७ साली आजच्या जॉर्जिया देशातल्या तिब्लिसीला युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भरवलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं पाच गटांत मांडली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं आणि सहभाग. नवे स्वयंसेवक बहुतेकदा पाचही दोन तासांत उरकायला जातात आणि शेवटी मुलांकडून प्लास्टिक न वापरण्याची शपथ घेतात. मला ती शपथ पटत नाही. एका फेरीत जाणीव आणि एखादं कौशल्य, म्हणजे नीट पाहणं, नीट ऐकणं, पाहिलेलं कागदावर उतरवणं, एवढं झालं तरी भरपूर आहे. प्रत्येक फेरीत एकदा मुलांना थोडं थोडं अंतर सोडून एकेकटं बसवा, पाच मिनिटं. ऐकू आलेल्या प्रत्येक नव्या आवाजाला एक बोट दुमडायचं. सर्वांत दंगेखोर मूलच बऱ्याचदा सर्वांत जास्त आवाज सांगतं.

लहान मुलांपुढे विनाशाच्या कथा मांडू नका. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल यांनी १९९६ साली हा मुद्दा जोरात मांडला: जिच्याशी अजून ओळखही झाली नाही त्या पृथ्वीच्या दुखण्यांचं ओझं मुलांवर टाकलं तर ती निसर्गापासून लांबच पळतात. मला हे अनुभवाने पटतं. दहा वर्षांखालच्या मुलांना जंगल जळतंय, प्रजाती संपताहेत हे ऐकवून त्यांनी करायचं काय? त्यांना आधी एक बेडूक मनासारखा पाहू द्या. मोठ्या मुलांनी स्वतः विचारलं, ‘हा ओढा असा काळा का?’, तर मात्र टाळू नका. कारण सांगा, कोण काय करू शकतं ते सांगा, आणि तुम्ही काय करता तेही सांगा.

तुमच्या दोन-चार तासांनी काय फरक पडणार, अशी शंका पुढे कधीतरी येईलच. थॉमस टॅनर या संशोधकांनी १९८० साली पर्यावरणाच्या कामात आयुष्य घालवणाऱ्या लोकांना विचारलं होतं की तुम्ही इकडे वळलात कशामुळे. पुढे लुईझ चावला या संशोधकांनी अमेरिकेतल्या केंटकीत आणि नॉर्वेत अशाच लोकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पुढे आल्या: लहानपणी मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ, आणि तिकडे प्रेमाने लक्ष वेधणारं घरातलं किंवा शाळेतलं मोठं माणूस. ज्या मुलाच्या घरात असं माणूस नाही, त्याला फेरीत तुम्ही भेटता. म्हणून जमेल तिथे त्याच शाळेची तीच मुलं, त्याच वाटेवर, वेगवेगळ्या ऋतूंत न्या. पाच नव्या जागा दाखवण्यापेक्षा एकच झाड पानगळीत, पालवीत आणि फळांनी लगडलेलं पाहिलेल्या मुलाला जास्त मिळतं.

सुरुवात शेवटच्या माणसापासून करा, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकाच्या तुकडीत सर्वांत मागे चाला. मागून खूप दिसतं: मुलं कुठे कंटाळली, कुठे आपणहून थांबली, मार्गदर्शकाने काय सांगायचं टाळलं. नंतर एखाद-दुसरी जागा तुम्ही घ्या, आणि मग पूर्ण फेरी. प्रत्येक फेरीनंतर मुलांचे प्रश्न त्याच दिवशी लिहून ठेवा. पुढच्या वेळची तयारी त्यांतूनच होते. जमतील तेवढ्याच तारखा द्या, पण दिलेली तारीख मोडू नका, कारण एक स्वयंसेवक आला नाही की त्याची दहा मुलं दुसऱ्याच्या तुकडीत जातात आणि दोन्ही तुकड्यांची फेरी बिघडते.

गटाच्या पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारून घ्या: एका मोठ्या माणसामागे किती मुलं असतात, प्रथमोपचार कोणाला येतो, आणि हवा बिघडली तर फेरी रद्द करायचा शब्द कोणाचा. तिसऱ्याचं उत्तर ‘तेव्हा बघू’ असं आलं तर ते माणूस नावानिशी ठरवून मगच पहिली तारीख स्वीकारा.